कमजोरी म्हणून सोडून देऊ नका

भातकुली तालुक्यात माणसाच्या अंगात काहीही बिघडलं की पहिला दोष पाण्याला जातो. त्यात लोकांचं फारसं चुकत नाही. अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या दोन्ही अंगांना पसरलेला हा खारपाणपट्टा आहे. विहीर खणली तरी खारं, बोअर मारली तरी खारं. पिढ्यान् पिढ्या असं पाणी प्यालेला माणूस सगळं त्याच्याच माथी मारणार. मुतखडा झाला, पाणी. सांधे धरले, पाणी. केस गळाले, पाणी. आणि पाण्यावर ढकलता येत नसेल तर दुसरं उत्तर तयार असतं: ‘कमजोरी हाय.’ मग एखादी सलाईन लावायची, ताकदीचं इंजेक्शन घ्यायचं, टॉनिकची बाटली आणायची. आठ दिवस बरं वाटतं, नवव्या दिवशी पुन्हा तेच.

माझं सांगणं एवढंच आहे की, या ‘कमजोरी’तल्या बऱ्याच तक्रारींना नाव आहे, मोजमाप आहे आणि औषधही आहे. त्या शरीरातल्या ग्रंथींच्या असतात. या ग्रंथी रक्तात थेट रस सोडतात, त्यालाच आपण हार्मोन किंवा संप्रेरक म्हणतो. मेंदूच्या तळाशी पीयूषिका, गळ्यात थायरॉईड, तिला मागून चिकटलेल्या चार परावटू, मूत्रपिंडांच्या माथ्यावर अधिवृक्क, पोटात जठरामागं स्वादुपिंड, बायांना बीजांडकोश आणि पुरुषांना वृषण. हे रस अगदी थोडे लागतात, पण कमी किंवा जास्त झाले की माणूस दिसायला तोच राहतो आणि आतून पार बदलून जातो. घरच्यांना वाटतं आळशी झाली, चिडका झाला, वय झालं. तिथंच वर्षं निघून जातात.

सगळ्यात आधी थायरॉईड, कारण आपल्याकडं ते सर्वांत जास्त दिसतं आणि बायांच्या वाट्याला जास्त येतं. मुंबईसह देशातल्या आठ शहरांत झालेल्या एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष 2013 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात मोठ्या माणसांपैकी साधारण 11 टक्क्यांना थायरॉईड कमी काम करण्याचा त्रास निघाला. म्हणजे दहा माणसांत एक तरी. यातल्या बऱ्याच जणांना तपासणी होईपर्यंत पत्ताच नव्हता.

हा आजार दबकत येतो. कापूस वेचायला जाणाऱ्या बाईचं उदाहरण घ्या. मजुरी किलोवर असते. जी दिवसाला पंचवीस किलो सहज वेचायची, ती अठरावर येते, मग पंधरावर. सोबतच्या बाया पुढच्या तासाला लागतात, ही मागंच. संध्याकाळी वजनकाट्यावर सगळ्यांसमोर कळतं. घरी आल्यावर बांगडी हातातून निघत नाही, सकाळी चेहरा सुजलेला, आवाज घोगरा, शौचाला तीन-तीन दिवस होत नाही, पौषात सगळे अंगणात बसलेले असताना हिला चादर लागते. पाळीत अंगावरून जास्त जातं, त्यानं रक्त कमी होतं, मग लोहाच्या गोळ्या सुरू होतात आणि त्यांनी फार फरक पडत नाही, कारण मूळ गळ्यात असतं. जेवण कमी असूनही वजन वाढतं. सासू म्हणते, बसून खाते. नवरा म्हणतो, हिला काम नको. आणि ती स्वतः म्हणते, ‘मले काय झालं, काही नाही, कमजोरी हाय.’

यासाठी टी.एस.एच. नावाची एक रक्ततपासणी लागते. तिला उपाशीपोटी जायची गरज नाही. तिचा आकडा लोकांना उलटा वाटतो, म्हणून समजून घ्या. टी.एस.एच. थायरॉईडमध्ये तयार होत नाही, ते पीयूषिकेतून येतं. मजूर सुस्तावला की मुकादमाचा आवाज चढतो, तसं थायरॉईडचं काम कमी पडलं की पीयूषिका टी.एस.एच. वाढवते. म्हणून आकडा वाढला म्हणजे थायरॉईड कमी पडलं. साधारण 0.4 ते 4 च्या आसपास ठीक मानतात, प्रयोगशाळेगणिक थोडा फरक असतो. दहाच्या वर गेला तर बहुधा गोळी लागते. मधल्या आकड्यांत मात्र वय, तक्रारी, गरोदरपण हे सगळं पाहून डॉक्टर ठरवतात. रिपोर्टमध्ये आकडा ठळक छापून आला म्हणून घाबरू नका आणि शेजारणीच्या आकड्याशी आपला आकडा जोडू नका.

गोळी थायरॉक्सिनची. ती शरीराला नेहमी लागणारा रसच बाहेरून देते. ‘एकदा सुरू केली की सवय लागते’ असं म्हणून कितीतरी बाया ती बंद करतात. ही नशा नाही आणि नवं रसायनही नाही. 1891 मध्ये इंग्लंडमध्ये जॉर्ज मरे या डॉक्टरांनी 46 वर्षांच्या एका बाईला मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचला. त्याआधी अशा रोग्यांसाठी काही करता येत नसे. ती बाई अर्क घेत पुढं 28 वर्षं जगली. जे शरीरात तयार होत नाही ते रोज द्यावं लागतं, यात लाज कसली?

गोळी मात्र नेमानं घ्या, नाहीतर ती वाया जाते. सकाळी उठल्यावर साध्या पाण्यासोबत, आणि त्यानंतर निदान अर्धा तास, जमलं तर तासभर चहा नाही. आपल्याकडं हीच अडचण. चूल पेटली की पहिला चहा, आणि गोळी चहासोबतच घशाखाली. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी चार तासांनी घ्या, एकत्र घेतल्या तर थायरॉईडची गोळी पोटात नीट शोषली जात नाही. गरोदर बाईला तर या तिन्ही एकाच वेळी चालू असतात, तेव्हा हे आशाताईंना विचारून नीट वेळ लावून घ्या. एक दिवस चुकली तर आठवेल तेव्हा घ्या. बरं वाटू लागलं म्हणून थांबवू नका, बरं वाटतं ते गोळीमुळंच. मात्रा बदलली की सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा टी.एस.एच. करा, त्याआधी केलेली तपासणी नीट सांगत नाही. केस गळतात म्हणून बायोटिनची गोळी घेत असाल तर तपासणीच्या दोन दिवस आधी बंद ठेवा आणि प्रयोगशाळेत तसं सांगा, त्यानं आकडे खोटे येतात. आणि गोळ्यांची पट्टी खिडकीत ठेवू नका. वैशाखात आपल्याकडं पारा पंचेचाळिसाला टेकतो, पत्र्याच्या घरात त्याहून वर. ही गोळी उन्हानं आणि ओलीनं निकामी होते.

आता मिठाचं. खारपाणपट्ट्यात एक गैरसमज फार खोल बसला आहे: आपलं पाणीच खारं, मग आपल्याला आयोडीनच्या मिठाचं काय काम? खारटपणा आणि आयोडीन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाणी खारट लागतं ते सोडियमच्या आणि इतर क्षारांमुळं, चवीवरून आयोडीन कळत नाही. थायरॉईडला आपला रस बनवायला आयोडीन लागतंच, मोठ्या माणसाला दिवसाला 150 मायक्रोग्रॅम आणि गरोदर बाईला 250. देशात 1962 साली गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला तो याचसाठी, आणि मे 2006 पासून खाण्यासाठी बिनआयोडीनचं मीठ विकायला बंदी आहे. तरीही जनावरांसाठी आणलेलं जाडं मीठ स्वयंपाकात जातं, आणि अलीकडं सैंधव आरोग्याला चांगलं म्हणून महाग भावानं घेतलं जातं. उपवासापुरतं सैंधव ठीक आहे. रोजच्या भाजीत पाकिटावर ‘आयोडीनयुक्त’ लिहिलेलं मीठच घाला, बरणीचं झाकण लावून ठेवा, चुलीशेजारी उघडं ठेवू नका. मात्र मीठ एकूण कमीच खा. ज्यांच्या विहिरीचं पाणी खारं आहे त्यांच्या पोटात सोडियम आधीच जास्त जातं आणि रक्तदाब वाढतो. मीठ थोडं, पण आयोडीनचं.

थायरॉईड जास्त काम करतं तेव्हा चित्र उलटं. भूक लागते, माणूस खातो, तरी वाळत जातो. छाती धडधडते, हात थरथरतात, घाम, चिडचिड, झोप नाही, काहींचे डोळे मोठे होऊन बाहेर आल्यासारखे दिसतात. गावात अशा माणसाला टी.बी. झाला म्हणतात, नाहीतर कुणाची नजर लागली म्हणतात. यावर कार्बिमाझोल नावाची गोळी असते. ती चालू असताना ताप आणि घसादुखी सुरू झाली तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडं जा आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजून घ्या. हे क्वचित होतं, पण झालं तर जिवावर बेतू शकतं.

यापेक्षाही घाईची गोष्ट नवजात बाळाची. काही बाळांत जन्मतःच थायरॉईड नसतं किंवा कमी असतं. भारतात साधारण हजार-अकराशे बाळांत एक. जन्मताना ते इतर बाळांसारखंच दिसतं. मग ते फार झोपतं, कमी रडतं, आवाज जाड, कावीळ लवकर उतरत नाही, शौचाला घट्ट होतं, बेंबी बाहेर येते. आणि घरात कौतुक चालतं की बाळ किती गुणी, रात्री उठतसुद्धा नाही. पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर मूल शाळेत इतरांसारखं शिकतं. चार-सहा महिने गेले तर मेंदूचं जे नुकसान झालं ते पुढं कितीही गोळ्या दिल्या तरी भरून येत नाही. जन्मानंतर दोन-तीन दिवसांनी बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन ही तपासणी होते. गोव्यानं 2008 मध्ये सरकारी पातळीवर ती सगळ्या नवजात बाळांसाठी सुरू केली. आपल्याकडं अजून ती विचारून करून घ्यावी लागते. म्हणून बाळंतपण कुठंही होवो, सुटी व्हायच्या आधी बाळाच्या बापानं डॉक्टरांना स्पष्ट विचारावं, ‘बाळाचं टी.एस.एच. झालं का?’ बारशाला जो खर्च होतो त्याच्या पासंगालाही हा खर्च येत नाही.

साखरेच्या आजाराबद्दल सगळ्यांना माहीत आहे असं वाटतं, पण त्यातल्याच गैरसमजुतींनी जास्त घात केला आहे. ‘साखर श्रीमंतांना होते, आम्ही तर राबणारी माणसं’ ही त्यातली पहिली. 2023 मध्ये आलेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीनं सांगितलं की, देशात 10 कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे आणि साधारण 13 कोटी 60 लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. यात सडपातळ माणसंही खूप आहेत. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायांचा आणि त्यांच्या बाळांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. आपल्या बाळांचं सरासरी वजन 2.7 किलो, इंग्लंडच्या बाळांचं 3.5. आपली बाळं लहान, हातापायांवर मांस कमी, पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानानं टिकून. म्हणजे दिसायला बारीक आणि आतून चरबीची ठेवण. पोटात असतानाच उपासमार झालेलं मूल पुढं मोठेपणी बसून खायला लागलं की साखर लवकर गाठते. ज्यांचे हातपाय काडीसारखे आणि पोट पुढं आलंय, त्यांनी स्वतःला बारीक समजू नये.

आणखी एक खूण उघड्यावर असते आणि ती आपण घासून काढायला बघतो. मानेच्या मागं, काखेत, कोपरावर कातडी काळी आणि मखमलीसारखी जाड होते. आई मुलीला अंघोळीला बसवून दगडानं मान घासते, मळ समजून. पोरगी रडते, मान लाल होते, काळं तसंच. तो मळ नाही. शरीर इन्सुलिनला दाद देत नाही, म्हणून इन्सुलिन जास्त तयार होतं, आणि त्याचा तो परिणाम. अशा मुलीची पाळी दोन-तीन महिने येत नसेल, हनुवटीवर जाड केस येत असतील, तर पी.सी.ओ.एस., म्हणजे बीजांडकोशाचा बिघाड आहे का ते पाहून घ्या. ‘लग्न झालं की ठीक होईल’ हे औषध नाही. वजन थोडं जरी कमी झालं, म्हणजे सत्तर किलोच्या मुलीचं चार-पाच किलो, तरी अनेकींची पाळी आपोआप रुळावर येते.

उपाशीपोटी साखर 126 किंवा त्याहून जास्त, किंवा तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एच.बी.ए.1 सी. तपासणी 6.5 किंवा जास्त, आणि पुन्हा केल्यावरही तसंच, म्हणजे मधुमेह. 100 ते 125 म्हणजे उंबरठा. विदर्भातल्या वाचकांनी एक गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवावी. आपल्याकडं सिकलसेल आहे आणि बायांमध्ये रक्त कमी असणं तर घरोघरी. या दोन्हींत ती तीन महिन्यांची तपासणी फसवा आकडा देऊ शकते. घरात कुणाला सिकलसेल असेल, आपल्याकडं त्याचं लाल किंवा पिवळं कार्ड असेल, तर डॉक्टरांना आधी सांगा, म्हणजे ते उपाशीपोटीच्या आणि जेवणानंतरच्या साखरेवर भरवसा ठेवतील.

उपवासाबद्दल. नवरात्रात अंबादेवीचे नऊ दिवस, चतुर्थी, एकादशी, गुरुवार. उपवास सोडा असं मी म्हणत नाही. पण ग्लिमेपिराईड जातीची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन दिवसभर निर्जळ राहिलात तर साखर एकदम खाली जाते. हातपाय गार, दरदरून घाम, थरथर, डोळ्यांपुढं अंधारी, माणूस असंबद्ध बोलतो. लोक म्हणतात अंगात आलं. अशा वेळी आरती नको, तीन चमचे साखर पाण्यात घालून पाजा, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहा, मग खायला द्या. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नका, गाडी काढा. आणि संध्याकाळी फराळाला साबुदाण्याची खिचडी, बटाटा, वर केळी, म्हणजे दिवसभर खाली गेलेली साखर रात्री आभाळाला भिडते. उपवासाच्या आठ दिवस आधी डॉक्टरांना विचारा, ते गोळीची मात्रा आणि वेळ बदलून देतात. आणि साखर असेल तर शेगावला पायी निघणाऱ्या माउलींनी अनवाणी जाऊ नये. ज्यांना दहा वर्षांची साखर आहे त्यांच्या पायाला खुपल्याचं कळत नाही. वावरात पऱ्हाटीचं खुंट घुसतं, रक्त येतं, माणूस काम करतच राहतो, आणि चौथ्या दिवशी घरच्यांना वास येतो. रोज रात्री पाय धुऊन, बोटांच्या बेचक्यांत कोरडं करून, दिव्याखाली तळवे पाहा. दिसत नसेल तर नातवाला पाहायला सांगा.

लहान मुलांची साखर वेगळी असते. दहा-बारा वर्षांचं पोर सारखं पाणी पितं, रात्री उठून उठून लघवीला जातं, कधीचं बंद झालेलं अंथरुण ओलं करणं पुन्हा सुरू होतं, आणि महिन्याभरात कपडे ढिले होतात. मग एक दिवस पोटदुखी, उलट्या आणि जोरजोरात श्वास. याला पोटाचा विकार समजून किंवा बाहेरचं समजून एक रात्रसुद्धा काढू नका. बोटातून एक थेंब रक्त घेतलं की दोन मिनिटांत कळतं. या मुलांच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही, म्हणून इन्सुलिनचं इंजेक्शन हेच त्यांचं जगणं. 1922 च्या जानेवारीत टोरांटोत लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन दिलं गेलं, तोवर असं मूल काही महिन्यांतच जात असे. काढा, पानं, कडू बिया, मोबाईलवर फिरणारे नुस्खे, यांतल्या कशावरही विसंबून या मुलांचं इन्सुलिन एक दिवसही बंद करू नका. मूल आजारी असलं, जेवत नसलं तरी बंद करू नका, मात्रा डॉक्टरांना विचारा.

इन्सुलिन 2 ते 8 अंशांत ठेवायचं असतं, आणि आपल्याकडं उन्हाळ्यात वीज जाते. फ्रीज नसेल किंवा वीज भरवशाची नसेल तर मडक्याचा उपाय खरोखर उपयोगी आहे. मोठ्या मडक्यात तळाला आणि बाजूंनी ओली वाळू भरा, मधे छोटं मडकं बसवा, त्यात इन्सुलिनची कुपी प्लास्टिकच्या डबीत बंद करून ठेवा, वर झाकण आणि ओलं फडकं टाका, सावलीत वारं लागेल तिथं ठेवा. वाळू दिवसातून दोनदा भिजवा. वऱ्हाडच्या कोरड्या उन्हात हे मडकं चांगलं थंड राहतं. फोडलेली कुपी महिन्याभरात संपवा. बर्फाच्या कप्प्यात मात्र ठेवू नका, गोठलेलं इन्सुलिन टाकून द्यावं लागतं. नितळ इन्सुलिन गढूळ दिसलं, किंवा मुळात गढूळ असणाऱ्यात हलवूनही गुठळ्या राहिल्या, तरीही टाकून द्या.

आता पुड्यांबद्दल, आणि हे मी जरा कठोरपणे सांगतो. सांधेदुखीवर, दम्यावर, खाजेवर नाव नसलेल्या पुड्या मिळतात. दोन दिवसांत गुडघे मोकळे होतात, म्हातारी पंढरीला जाऊन येते, आणि पुडी देणाऱ्याचं नाव पंचक्रोशीत होतं. इतक्या लवकर गुण आला की समजा त्यात स्टेरॉइड असण्याची शक्यता मोठी आहे. स्टेरॉइड वाईट औषध नाही, योग्य जागी ते जीव वाचवतं. पण महिनोन् महिने पोटात गेलं की चेहरा चंद्रासारखा गोल होतो, मानेमागं चरबीचा उंचवटा येतो, पोटावर जांभळे पट्टे, कातडी पातळ, हाडं ठिसूळ, साखर आणि रक्तदाब वर. आतली अधिवृक्क ग्रंथी बाहेरून आयतं मिळतंय म्हणून काम करायचं सोडते. आता जर हे वाचून तुम्ही पुडी एकदम बंद केली तर उलट्या होतील, रक्तदाब पडेल, जीव जाऊ शकतो. म्हणून एकदम बंद करू नका. उरलेली पुडी खिशात घाला, डॉक्टरांपुढं ठेवा, किती महिने घेतली ते खरं सांगा. ते हळूहळू कमी करून देतील. गजकर्णावर दुकानातून आणलेल्या आणि गोरं करणाऱ्या मलमांतही बऱ्याचदा हेच असतं.

याच अधिवृक्क ग्रंथीला आपल्या देशात टी.बी.ही धरतो. माणूस वाळतो, मीठ खावंसं वाटतं, उठताना चक्कर येते, आणि कातडी काळवंडते. उन्हानं काळा पडला म्हणतात, पण ऊन तळहाताच्या रेषांवर आणि हिरड्यांवर पडत नाही. तिथं काळं दिसलं तर तपासा. वारंवार मुतखडा होणाऱ्यांनीही सगळा दोष खाऱ्या पाण्याला देऊन मोकळं होऊ नये. दुसऱ्यांदा खडा झाला की रक्तातलं कॅल्शियम एकदा मोजा, गळ्यातली परावटू ग्रंथी जास्त काम करत असेल तर तिथं साध्या शस्त्रक्रियेनं खडे थांबतात. आणि शाळकरी पोराची उंची दरसाल दाराच्या चौकटीवर खूण करून पाहा. चार वर्षांपासून वयात येईपर्यंत वर्षाला चार सेंटिमीटरही वाढत नसेल, तर ‘बापावर गेला’ म्हणण्याआधी डॉक्टरांना दाखवा, कारण हाडांची टोकं जुळली की मग काही करता येत नाही.

एक आजार असा आहे की ज्याबद्दल गावात कुणी बोलत नाही. बाळंतपणात फार रक्त गेलं, बाई शुद्धीवर आली, सगळ्यांनी देवाचे आभार मानले. पण दूध आलंच नाही. पाळी पुन्हा आली नाही. काखेतले केस गेले, कातडी फिकी पडली, अंगात त्राण नाही, उठलं की भोवळ. वर्षं जातात. नवरा दुसरी करायचं बोलतो, कुणी अंगारा लावतं. त्या रक्तस्रावात पीयूषिकेचा रक्तपुरवठा तुटून ती वाळलेली असते. 1937 मध्ये शीहान या डॉक्टरांनी याचं वर्णन केलं आणि तेव्हापासून याला त्यांचंच नाव आहे. दोन-तीन साध्या गोळ्यांनी ही बाई पुन्हा उभी राहते, पण त्या देताना आधी स्टेरॉइड आणि मग थायरॉईड हा क्रम पाळावा लागतो, म्हणून यात घरगुती प्रयोग चालत नाही. घोणस चावून वाचलेल्या शेतकऱ्यांतही हेच होऊ शकतं. सर्पदंशातून बरा झाला, मूत्रपिंडं सावरली, पण सहा महिन्यांनी, वर्षानं माणूस थकलेला, मिशी विरळ, बायकोशी बोलणं तोडलेलं. त्याची पीयूषिका तपासा. आपल्या काळ्या मातीत घोणस काही कमी नाही.

जायचं कुठं? गावातल्या आशाताईंकडं तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा एक फॉर्म भरून घ्यायचं काम आहे. आयुष्मान आरोग्य मंदिरात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात साखर आणि रक्तदाब फुकट पाहतात. पुढं अमरावतीला सरकारी इर्विन रुग्णालय आहे, बाळंतपणाला डफरीन आहे, पंजाबराव देशमुख वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. गोळ्या जनऔषधी केंद्रात स्वस्त मिळतात, नाव बदललं तरी आतलं औषध तेच, फक्त थायरॉईडच्या गोळीची कंपनी बदलली तर दीड-दोन महिन्यांनी एकदा टी.एस.एच. पाहून घ्या.

जाताना जुने रिपोर्ट न्या. आपल्याकडं ते रेशनकार्डाच्या कॅरीबॅगेत ठेवलेले असतात, चुरगळलेले, अर्धे ओले. एका वहीत तारीखवार चिकटवा. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, पुड्या, मलमं, काढे पिशवीत घालून डॉक्टरांपुढं ओता. घरात कुणाला थायरॉईड, साखर, सिकलसेल आहे ते सांगा. बाई असेल तर शेवटची पाळी कधी आली आणि दिवस राहिलेत का, हे आधी सांगा, कारण थायरॉईडच्या गोळीची मात्रा दिवस राहिल्या-राहिल्या वाढवावी लागते, चौथ्या महिन्यात कळवून उपयोग नाही. आणि तिच्यासोबत तिचा नवरा किंवा मुलगा जावा. तपासणीचे पैसे बहुतेक घरांत त्यांच्याच खिशात असतात, आणि गोळी कायमची आहे हे त्यांनी स्वतःच्या कानानं ऐकलं तर पाकीट संपल्यावर ती पुढच्या हप्त्याला, मग पुढच्या बाजाराला, मग कापूस विकल्यावर अशी ढकलली जात नाही. पट्टीत दहा गोळ्या उरल्या की नवी आणा.